घरगुती धंदा, क्यूआरने आलेले पैसे आणि अचानक अडकलेलं खातं : बडोदेकरांनो, तुमची पद्धत सांगा

शियाबागेतली | मंगळवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी आणि माझी जाऊ मिळून डबे करतो, सणावाराला फराळ. घर शियाबागेत, पण गिऱ्हाईक दांडियाबाजारापासून पार मांजलपूरपर्यंत पसरलंय. आधी डब्याचे पैसे महिनाअखेरीस रोख यायचे. आता डबा न्यायला येणारा कॉलेजचा मुलगाही दाराशी लावलेला क्यूआर स्कॅन करून जातो. तो क्यूआर माझ्या बचत खात्याचा आहे आणि घरही त्याच खात्यावर चालतं. मुलाची फी, विजेचं बिल, गॅस, सगळं.

मागच्या आठवड्यात हातीखान्यात तेल आणि बेसन भरायला गेले. माल टेम्पोत चढला आणि पैसे काही केल्या जाईनात. दुसऱ्या दिवशी शाखेत गेल्यावर कळलं की खात्यावर होल्ड लागलाय. दिवाळीच्या आधी एका अनोळखी माणसाने चकली, अनारसे, चिवडा अशी मोठी ऑर्डर दिली होती, ४,६०० रुपये स्कॅन केले आणि माल घेऊन गेला. ते पैसे म्हणे परराज्यात कुणाला तरी फसवून काढलेले, हातोहात फिरत माझ्याकडे आले. वाद ४,६०० चा आणि अडकलंय सगळं खातं. शाखेत एकच उत्तर मिळतं, पोलिसांशी बोला. कुठल्या पोलिसांशी, ते कुणी सांगत नाही.

खातं सोडवायचं कसं, आणि यापुढे पैसे घ्यायचे कसे, या दोन्हींबद्दल अनुभव लिहा. जाऊ म्हणते रोखच बरी. मला ते जमेलसं वाटत नाही. नोकरी करणारी मुलं-मुली खिशात पैसे ठेवतच नाहीत.

निवृत्त बँकवाला | मंगळवार, रात्री १०:०२

ताई, आधी घाबरू नका. होल्ड लागला म्हणजे तुम्ही आरोपी झालात असं नाही.

हे कसं होतं ते सांगतो. फसलेला माणूस १९३० वर फोन करतो किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार टाकतो. तक्रारीला पोचक्रमांक पडतो आणि ते पैसे ज्या ज्या खात्यांतून गेले त्या साखळीतल्या सगळ्या बँकांना रक्कम रोखायचा निरोप जातो. हेतू अगदी योग्य आहे, कारण पहिल्या काही तासांत अडवले नाहीत तर असे पैसे परत हाती लागत नाहीत. पण साखळीच्या टोकाला पैसे उडवणारा चोरही असतो आणि खरा माल विकणारा दुकानदारही. नुसत्या नोंदीवरून दोघांत फरक कळत नाही. तो फरक आपल्याला कागदाने दाखवावा लागतो.

शाखेत तोंडी विचारू नका. अर्ज लिहा, दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. अर्जात तक्रारीचा पोचक्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव, तपास अधिकाऱ्याचा ईमेल आणि नेमकी वादातली रक्कम मागा. त्यातच विनंती करा की लीन, म्हणजे पैसे अडवून ठेवणं, फक्त त्या रकमेवर ठेवावा आणि बाकी खातं मोकळं करावं. ही शेवटची ओळ विसरू नका, तुमचं घर तिच्यावर चालणार आहे.

मग तपास अधिकाऱ्याला ईमेल. सोबत ऑर्डरचे व्हॉट्सॲपवरचे संदेश, बिल, माल कधी आणि कुणी नेला ते, खात्याचा उतारा, आणि त्या व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक. तो क्रमांक तुमच्या ॲपमध्येही दिसतो आणि बँकेच्या उताऱ्यातही.

लोकपालाबद्दल कुणी सुचवायच्या आधीच लिहितो. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, २०२१ पासून सगळ्या बँकांसाठी एकच योजना आहे. पण पोलिसांच्या आदेशावरून बँकेने जे केलं त्यावरची तक्रार तिथे चालत नाही. होल्ड उठवायचा तो तपास अधिकाऱ्याने, नाहीतर मॅजिस्ट्रेट कोर्टाने. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत जप्तीचं कलम १०६ आहे आणि अडकलेली मालमत्ता परत मागायचं ५०३. वकील लागलाच तर त्याला हे दोन आकडे सांगा.

मंगळबाजारवाला | मंगळवार, रात्री १०:२५

+१. बँकवाले काकांनी नेमकं लिहिलंय. आमच्या ओळीतल्या एका कापडवाल्याचं खातं असंच अडकलं होतं. त्याच्याकडे बिलबुक होतं म्हणून त्याला अधिकाऱ्यापुढे दोन कागद ठेवता आले. नुसतं तोंडी सांगण्याला वजन येत नाही.

ताई, त्या ४,६०० च्या ऑर्डरचं बिल दिलं होतंत का?

शियाबागेतली | मंगळवार, रात्री १०:४१

बिल म्हणजे आमची वही. तारीख, नाव, काय काय आणि किती, फोन नंबर, सगळं जावेच्या अक्षरात आहे. शिवाय व्हॉट्सॲपवर त्याने "अनारसे थोडे नरम ठेवा" असंही लिहिलंय. ते चालेल?

निवृत्त बँकवाला | मंगळवार, रात्री १०:५०

उत्तम चालेल. वहीच्या त्या पानाचा आणि आधीच्या-नंतरच्या पानांचाही फोटो द्या. सलग नोंदी दिसल्या की वही रोजची आहे हे कळतं.

वाचनमात्र | बुधवार, सकाळी ७:१५

वाचतोय. धागा फार कामाचा आहे, वर राहू द्या.

हिशेबनीस | बुधवार, सकाळी ११:३०

मी लोकांचे हिशेब लिहितो, त्यामुळे पुढच्या पद्धतीबद्दल लिहितो. ताई, सगळ्यात आधी घर आणि धंदा यांची खाती वेगळी करा. आज होल्ड लागला म्हणून हे सुचतंय, पण होल्ड लागला नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

२०२५ च्या जुलैत कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयचे आकडे धरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, ते पेपरात वाचलं असेल. अशा नोटिशीला उत्तर देताना भावाने पाठवलेले उसने पैसे, भिशी, सासूबाईंच्या औषधाचे परत आलेले पैसे आणि चकलीचे पैसे एकाच उताऱ्यात असले की वेगळे काढता काढता जीव जातो. ज्याचं धंद्याचं खातं निराळं, त्याला उतारा नुसता पुढे करता येतो.

आता मर्यादा. फक्त माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. सेवेला ही मर्यादा २० लाख. फराळाचं पाकीट हा माल, पण रोजचा डबा सेवेत धरला जातो. दोन्ही करणाऱ्याला ४० ची सवलत मिळत नाही, तेव्हा तुमच्यासाठी रेघ २० लाखांचीच समजा. बऱ्याच बायका ४० ऐकून निश्चिंत राहतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

चालू खात्यासाठी धंद्याच्या नावाचा पुरावा मागतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, करून घ्या. आधारवर घरबसल्या होते आणि फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. बँकेप्रमाणे गुमास्त्याचा परवाना किंवा आणखी एखादा कागद लागेल. चालू खात्यात व्याज नसतं आणि शिल्लक ठेवावी लागते, हा त्याचा तोटा. छोट्या धंद्याला कमी शिलकेची चालू खाती देणाऱ्या बँका आहेत, दोन-तीन ठिकाणी विचारा.

रोखीवर परत जायच्या गोष्टीबद्दल एकच आकडा देतो. आयकराच्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत विक्रीच्या ८ टक्के नफा धरतात, पण बँकेमार्फत किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर ६ टक्केच. जाऊबाईंना हे दाखवा.

रोखठोक काका | बुधवार, दुपारी १:०५

मी जाऊबाईंच्या बाजूने. रावपुऱ्यात आयुष्यभर किराणा दुकान चालवलं. रोख गल्ल्यात पडली की व्यवहार संपला. कुठल्या राज्यातला कोण फसला आणि माझं खातं का अडकावं? नेटवर्क गेलं की गिऱ्हाईक माल हातात धरून उभं, मागे रांग. आणि पुढे-मागे या यूपीआयवर शुल्क लावणार नाहीत कशावरून?

मंगळबाजारवाला | बुधवार, दुपारी १:४०

काका, रांगेचं तुमचं म्हणणं खरं आहे. शनिवारी संध्याकाळी न्यायमंदिरापाशी गर्दी झाली की आमच्या गल्लीतही फोन गोल गोल फिरतात.

शुल्काचं आज तरी असं आहे : १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे कापायचं शुल्क, घेत नाहीत, शून्य आहे. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून कुणी पैसे दिले तर गोष्ट वेगळी, त्यावर एमडीआर लागतो, मात्र छोट्या दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंत तिथेही माफी आहे. खर्च येतो तो भोंग्याच्या, म्हणजे पैसे जमा झाले की बोलून सांगणाऱ्या डबीच्या भाड्याचा. ते भाडं घ्यायच्या आधी कागदावर वाचा, कारण सुरुवातीला फुकट म्हणून ठेवून जातात आणि नंतर रोजच्या जमेतून कापतात.

आमची पद्धत सांगतो, ताईंना उपयोगी पडेल. बिल मोबाईलवरच्या बिलिंग ॲपमध्ये करतो, त्यातून त्या बिलाचा क्यूआर निघतो आणि रक्कम त्यातच भरलेली असते. गिऱ्हाइकाला आकडा टाकावा लागत नाही, म्हणून ८५० च्या जागी ८५ येत नाहीत. रात्री शटर अर्धं ओढलं की भाऊ फोनवरचा उतारा उघडतो आणि संदर्भ क्रमांकाचे शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचतो. मी बिलांच्या गठ्ठ्यावर लाल पेनाने टिक करत जातो. टिक न झालेलं बिल त्याच रात्री बाजूला निघतं आणि गिऱ्हाइकाला सकाळी फोन जातो. दोन दिवस गेले की तेच गिऱ्हाईक म्हणतं, मी तर दिले होते.

रोखठोक काका | बुधवार, दुपारी २:१०

लाल टिकेची पद्धत आवडली. आम्हीही रोजमेळ असाच लावायचो. तरी माझ्या शंका कायम आहेत.

फुलवाली वहिनी | बुधवार, संध्याकाळी ६:२०

मी खंडेराव मार्केटात फुलं विकते. खोट्या स्क्रीनशॉटचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी झेंडूचा ढीग कमरेएवढा होता आणि माणसांवर माणसं पडत होती. एक मुलगा चार किलो झेंडू आणि आंब्याचे टाळे घेऊन फोन नाचवत म्हणतो, "बेन, पैसा मोकली दीधा, जुओ." स्क्रीनवर हिरवी टिक, माझं नाव, रक्कम बरोबर. माझा भोंगा मात्र गप्प. मी त्याच्या हातातली पिशवी धरून ठेवली आणि फोन जवळ आणायला सांगितला. टिकेच्या खालची तारीख आदल्या दिवशीची होती. पिशवी टाकून गर्दीत पळाला.

तेव्हापासून माझ्या धाकट्या दिराला सांगून ठेवलंय, गिऱ्हाइकाच्या फोनकडे बघायचंच नाही. आपला भोंगा बोलला नाही तर आपल्या फोनवर जमा बघायची. तिथेही नसेल तर माल ढिगावर परत. हुबेहूब टिक दाखवणारी खोटी ॲप्स निघाली आहेत, रंगसुद्धा तोच.

आणि रोज सकाळी दुकान मांडताना आपल्या क्यूआरवर हात फिरवून बघा, वर दुसरं स्टिकर तर चिकटवलेलं नाही ना.

अकोट्याचा बाबा | बुधवार, रात्री ९:००

गिऱ्हाइकांच्या बाजूने एक सोपी सवय. २०२५ च्या जूनअखेरीपासून पिन टाकायच्या आधी ॲपला बँकेत नोंदवलेलं खरं नाव दाखवावं लागतं. स्टिकर बदललेलं असेल तर तिथेच कळतं. दोन सेकंद थांबून नाव वाचा. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे घरातल्या मोठ्यांना परत परत सांगा. व्यक्तीने व्यक्तीला यूपीआयवर पैसे मागायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, तेव्हा कुणी "रिक्वेस्ट पाठवलीय, पिन टाका" म्हणालं की फोन ठेवायचा.

थोडं अवांतर विचारतो. माझ्या पोस्टपेड बिलात दर महिन्याला कसल्यातरी गेमचे आणि कॉलर ट्यूनचे पैसे लागत आहेत. मुलगा म्हणतो मी काही घेतलं नाही. हे कसं थांबवायचं?

निवृत्त बँकवाला | बुधवार, रात्री ९:३५

कॉलर ट्यूनसारख्या सेवेसाठी १५५२२३ वर फोन करा, नाहीतर त्याच क्रमांकावर स्टॉप असा संदेश इंग्रजीत पाठवा. ही ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, सगळ्या कंपन्यांना लावून दिलेली सोय आहे. ग्राहकाची दोनदा संमती घेतल्याशिवाय अशी सेवा सुरू करू नये, हेही ट्रायने २०१३ साली बजावलंय. संमती कधी आणि कशी घेतली याची नोंद कंपनीकडे लेखी मागा.

गेमचं वेगळं असू शकतं. ॲप स्टोअरमध्ये पैसे देण्याच्या पर्यायांत मोबाईल बिल जोडलेलं असतं, मुलाने बोट लावलं की रक्कम थेट बिलात. तो पर्याय काढून टाका आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा. सोबत यूपीआय ॲपमधलं ऑटोपेचं पानही उघडून बघा. एकदा मंजुरी दिली की १५,००० रुपयांपर्यंतचा हप्ता पिन न विचारता जातो. कापायच्या २४ तास आधी सूचना येते, पण आपण ती जाहिरातींच्या संदेशांत वाचतच नाही.

पोलोग्राउंड | गुरुवार, सकाळी ८:४५

मला उलटा अनुभव आला. शेवउसळीच्या गाडीवर स्कॅन केलं, माझ्या खात्यातून पैसे गेले, गाडीवाल्याला आले नाहीत. गर्दीत वाद नको म्हणून रोख दिले. आता ते आधीचे पैसे बुडाले समजायचे का?

हिशेबनीस | गुरुवार, सकाळी १०:२०

मुळीच नाही. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. दुकानदाराला व्यवहार पोचला नाही तर पैसे पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत. माणसाने माणसाला पाठवलेले असतील तर एका दिवसात. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती तुम्ही न मागता द्यायची आहे. ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवा, बँकेतही नोंदवा, दोन्हींचे क्रमांक जपा.

बारीकसारीक खर्चासाठी यूपीआय लाइट वापरून बघा. एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिन न टाकता जातात, त्यात जास्तीत जास्त ५,००० राहतात. प्रत्येक चहाची नोंद पासबुकात येत नाही, उतारा वाचता येण्यासारखा राहतो.

रोखठोक काका | गुरुवार, दुपारी १२:३०

सौ.कडे बटणांचा फोन आहे. ती दूधवाल्याला यूपीआयने पैसे देऊ शकेल का? विचारतोय ते मनापासून, मुलगा परगावी असतो.

अकोट्याचा बाबा | गुरुवार, दुपारी १२:५५

हो काका. यूपीआय १२३पे ही सोय २०२२ पासून आहे, साध्या फोनवरून कॉल करून पैसे जातात, इंटरनेट लागत नाही. काकूंनी पुढे स्मार्टफोन घेतला तर यूपीआय सर्कलही बघा. खातं तुमचं किंवा मुलाचं राहतं, काकूंना ठरावीक मर्यादेत खर्च करता येतो, महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका वेळी ५,०००. प्रत्येक खर्चाला मंजुरी मुलाने तिकडून द्यायची, असंही ठेवता येतं. शनिवारी रावपुऱ्यात येतोय, हवं तर घरी येऊन लावून देतो. व्यक्तिगत निरोप करा.

शियाबागेतली | शुक्रवार, रात्री ८:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्ज दिला, शिक्का घेतला. आधी शाखेत घेतच नव्हते, दोन प्रती पुढे केल्यावर घेतला. आज पोचक्रमांक आणि अधिकाऱ्याचा ईमेल मिळाला. वहीची पानं, संदेश आणि उतारा पाठवलाय. लीन ४,६०० वर ठेवून बाकी खातं मोकळं करायची विनंती दोन्हीकडे केली आहे. उत्तर यायचंय.

तोवर डब्यांचे पैसे जावेच्या दुसऱ्या बँकेतल्या खात्यावर घेतोय. उद्यम नोंदणी झाली, चालू खात्याचा अर्ज सोमवारी. वहीत आता एक रकाना वाढवलाय, संदर्भ क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. हिशेबनीस, जावेचं घरखर्चाचं खातं असं मधल्या काळात वापरलं तर चालेल ना?

हिशेबनीस | शुक्रवार, रात्री ८:४०

चार-आठ दिवस हरकत नाही, वहीत स्पष्ट लिहून ठेवा की हे धंद्याचे. चालू खातं सुरू झालं की त्याच दिवशी दारावरचा जुना क्यूआर काढा. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये तुमचा जुना नंबर साठवलेला असतो, ते स्कॅन न करता नावावर बोट लावून पाठवतात. त्यांना एकेकाला कळवावं लागेल.

माघी गणपती मंडळ | शनिवार, सकाळी ९:३०

उशिरा आलो, पण आमचाही प्रश्न याच धाग्यातला आहे. बाबाजीपुऱ्यातलं छोटं मंडळ आहे. वर्गणी मागायला गेलं की पाचांतली चार घरं क्यूआर मागतात. सध्या खजिनदाराच्या स्वतःच्या खात्यावर घेतो. वरचं सगळं वाचून धास्ती वाटली. काय करावं?

निवृत्त बँकवाला | शनिवार, सकाळी १०:१०

खजिनदाराच्या खात्यावर घेऊ नका. माणूस कितीही चोख असला तरी त्याचं खातं अडकलं तर मांडववाला आणि मूर्तिकार दोघेही थांबतील, आणि त्याला स्वतःच्या मिळकतीत वर्गणीचा हिशेब देत बसावं लागेल. मंडळाची नोंदणी असेल तर ठराव करून मंडळाच्या नावाने खातं काढा, दोघांच्या सह्यांचं. नोंदणी नसेल तर कुठले कागद चालतील ते बँकेत आधी विचारा. क्यूआर स्कॅन केल्यावर मंडळाचंच नाव दिसलं पाहिजे. पावती लगेच फाडा आणि पावतीचा क्रमांक देणाऱ्याला व्यवहाराच्या टीपेत टाकायला सांगा, म्हणजे हिशेबाच्या सभेत उतारा आणि पावतीपुस्तक शेजारी ठेवून जुळवता येतील. माघी गणपतीला वेळ थोडा आहे, सोमवारीच बँकेत जा.